चाचणीच नाही, तर नवा विषाणू सापडतो कसा?

प्रश्न : कोविडच्या वेळी आरटी-पीसीआर चाचणी होती. पण जो विषाणू आजवर कुणी पाहिलाच नाही, त्याची चाचणी कुठून असणार? मग तो नवा आहे हे पहिल्यांदा कळतं कसं? आणि तो कुठून कुठे गेला याचा माग कसा काढतात?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. आरटी-पीसीआरला जे शोधायला सांगावं, तेवढंच ती शोधते. विषाणूच्या जनुकीय मजकुरातला एखादा माहीत असलेला तुकडा निवडून त्याला नेमके चिकटतील असे छोटे रेणू तयार करतात. नमुन्यात तो तुकडा असला, तर त्याच्या कोट्यवधी प्रती होतात आणि तो यंत्राला दिसतो. जत्रेत हरवलेल्या माणसाला फोटो घेऊन शोधावं, तसंच हे. हातातला फोटो भलत्याचाच असेल, तर हवा तो माणूस शेजारून गेला तरी पत्ता लागत नाही.

भलत्या संशयाची किंमत मलेशियाने मोजली आहे. तिथे १९९८-९९ मध्ये मेंदूज्वराची साथ आली. जपानी मेंदूज्वर असावा असं समजून डासांवर फवारणी झाली, लसीही टोचल्या गेल्या. रुग्ण मात्र वाढतच राहिले. जपानी मेंदूज्वर बहुधा मुलांना गाठतो; इथे आजारी पडत होती डुकरं पाळणारी, धडधाकट मोठी माणसं. मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ च्युआ कॉ बिंग यांनी रुग्णाच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून प्रयोगशाळेतल्या पेशींवर विषाणू वाढवला. अमेरिकेत नेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो वेगळ्याच कुळातला निघाला. सुंगाई निपाह या गावावरून त्याचं नाव पडलं निपाह. या साथीत शंभराहून अधिक माणसं दगावली आणि सुमारे १० लाख डुकरं मारावी लागली.

आज यापेक्षा जलद मार्ग आहे. रुग्णाच्या नमुन्यात जितका जनुकीय मजकूर आहे, तो सगळाच यंत्राने वाचून काढायचा. त्यातला माणसाचा आणि नेहमीच्या जिवाणूंचा भाग संगणक वगळतो. उरलेले तुकडे जोडून ते माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहतात. म्हणजे फोटो बाजूला ठेवून जत्रेतल्या एकूणएक माणसाला नाव-गाव विचारायचं. डिसेंबर २०१९ मध्ये वुहानच्या न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसातल्या स्रावात नवा करोना विषाणू सापडला तो असाच. त्याचा सुमारे ३० हजार अक्षरांचा क्रम ११ जानेवारी २०२० रोजी जगासाठी खुला झाला. बर्लिनमध्ये क्रिस्टियान ड्रॉस्टेन यांच्या गटाने प्रत्यक्ष विषाणू हाती नसताना पीसीआर चाचणीची कृती रचली आणि दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने ती प्रसिद्ध केली. महिनाअखेर, ३० जानेवारीला, केरळमधला भारताचा पहिला रुग्ण निश्चित झाला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीतल्या तपासणीतून.

आता माग काढण्याविषयी. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो. करोनाच्या एका वंशात महिन्याकाठी साधारण दोन बदल टिकून राहतात. दोन रुग्णांच्या विषाणूंत तेच ते बदल दिसले, तर त्यांचा उगम जवळचा. बदल निराळे, तर फाटा आधीच फुटलेला. अशा हजारो क्रमांवरून विषाणूची वंशावळ मांडता येते. भारतात या कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र असलेला प्रकार वाढतो आहे, हे मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, ते याच वाचनावरून. त्याच घराण्यातल्या एका शाखेला मे महिन्याच्या अखेरीस डेल्टा हे नाव मिळालं. हे वाचन आता मोठ्या प्रयोगशाळेतच अडकून राहिलेलं नाही. २०१५ मध्ये इबोलाच्या साथीत शास्त्रज्ञ हातात मावणारी यंत्रं सामानात घालून गिनीत गेले आणि तिथेच त्यांनी विषाणूचे क्रम वाचले.

या वंशावळीलाही मर्यादा आहे. ज्या गावातून नमुनाच आला नाही, त्या गावाची फांदी तिच्यात नसते. शिवाय विषाणू कुणाकडून कुणाकडे गेला, हे निव्वळ क्रमावरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी रुग्ण कुणाला भेटला, कुठे गेला, हे घरी जाऊन विचारावंच लागतं.

सगळेच नमुने देतात असं नाही, पण शौचाला सगळेच जातात. म्हणून सांडपाणीही तपासतात. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो. लक्षणं नसलेल्या मुलाच्या विष्ठेतूनही तो बाहेर पडत असल्याने रुग्णालयात एकही रुग्ण नसताना विषाणू वस्तीत आहे की नाही, हे समजतं. रुग्ण नेमका कोण, ते मात्र सांडपाणी सांगू शकत नाही.

प्रश्न : आमच्या भागात जंगलात माकड मेलेलं दिसलं की आरोग्य खात्याला कळवा म्हणतात. एका मेलेल्या माकडाची एवढी दखल कशासाठी?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : कारण माणसाच्या आधी ते मरतं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण दिसू लागले. पुण्याच्या याच संस्थेने, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, त्यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडांतून पसरतो. तोच आपला माकडताप, पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि तुमच्या दोडामार्गातही पोचलेला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला किंवा जनावराला चिकटतात. वेळेत कळवलं तर माकडाची तपासणी होते, त्या जागेवर औषध मारता येतं आणि लाकूडफाट्याला किंवा काजूच्या बागेत जाणाऱ्यांना सावध करता येतं. मेलेल्या माकडाला मात्र हात लावू नका.

प्राण्यांवर अशी नजर इतरत्रही असते. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांना निपाहविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. म्हणून महाबळेश्वरची माणसं आजारी आहेत असा अर्थ होत नाही. पण त्या भागात मेंदूज्वराचं कारण सापडेनासं झालं, तर डॉक्टर निपाहची चाचणीही मागवतील.

दोन्ही उत्तरांचं सार एकच. यंत्रापर्यंत नमुना जातो, तो कुणाला तरी काहीतरी खटकतं म्हणून. २०१८ मध्ये केरळात कोळिकोडच्या डॉक्टरांना एकाच कुटुंबात लागोपाठ आलेला मेंदूज्वर खटकला, त्यांनी नमुने मणिपालला पाठवले आणि निपाह लवकर ओळखला गेला. तुमचा वाटाही यात आहे. ताप आल्यावर डॉक्टरांना फक्त तापाचा आकडा सांगू नका. जंगलात गेला होता का, प्रवास कुठे झाला, घरात आणखी कोण आजारी आहे, गोठ्यात जनावर दगावलं का, हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा.