कावीळ, उसाचा रस आणि रक्ताचा रिपोर्ट



गावात कुणाचे डोळे पिवळे दिसले की कोणीतरी उसाचा रस पाजायला सांगतो, आणि नाकात थेंब टाकणाऱ्याचा पत्ता निघतो. रक्ततपासणी मागाहून. म्हणून यकृताविषयी, म्हणजे आपण लिव्हर म्हणतो त्याविषयी, थोडी माहिती देत आहोत.

रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात. त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निघते. ते पित्तावाटे आतड्यात सोडणे हे यकृताचे काम. ते अडले की पिवळेपणा रक्तात साचतो. तेव्हा कावीळ हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. दूषित पाण्यातून येणारे ए व ई विषाणू, रक्तातून व सुईतून येणारे बी व सी, दारू, एखादे औषध, पित्तनळीत अडकलेला खडा, अशी कारणे अनेक. ए विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय थेंबवाल्याला जाते. खडा अडकला असेल तर थेंब काय करणार?

आता रिपोर्ट. बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. २ ते ३ च्या पुढे डोळे पिवळे दिसतात. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतले द्रव्य. पेशी दुखावल्या की ते रक्तात गळते. एरवी ४० च्या आसपास असणारा हा आकडा विषाणूच्या काविळीत हजारावर जातो, अन् घरचे घाबरतात. पण हा आकडा गळती सांगतो, यकृताची ताकद नव्हे. ताकद कळते अल्ब्युमिनवरून (३.५ ते ५ ग्रॅम) आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून, म्हणजे पीटी-आयएनआरवरून. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याचे यकृत आक्रसते, पोटात पाणी होते, तरी एसजीपीटी जवळपास बरोबर येऊ शकते. बंद पडलेल्या कारखान्यातही रसाची गळती नसतेच की! ‘एसजीपीटी नॉर्मल हाय’ म्हणून बाटली चालू ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काविळीच्या रोग्याला गुंगी आली, तो असंबद्ध बोलू लागला, रक्तस्राव झाला, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यावे. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ई विषाणूची कावीळ जिवावर बेतते. तिच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती, ती ई विषाणूचीच. साथीत पाणी उकळून प्यावे.

राहिला रस. ऊस आपलाच, तरी खरे ते सांगतो. रसाने अंगात तरतरी येते, कावीळ बरी होत नाही. रस्त्यावरच्या रसातला बर्फ दूषित पाण्याचा असेल तर उलट त्यातूनच कावीळ यायची. मधुमेह असणाऱ्याने तर रसाच्या वाटेला जाऊच नये.

आणि हो, जुना रिपोर्ट फेकू नका. पुढच्या खेपेस डॉक्टर मागचा आकडा विचारतात.