मयूरशिखा : खानदेशच्या कातळावरील चिवट नेचा

नेचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोकणातील ओल्या दरडी येतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या जळगाव-धुळे भागात नेचा कसा तग धरणार, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत आकडेमोड करणारे. तरीही या प्रश्नाचे उत्तर देणारी मयूरशिखा ही इवलीशी वनस्पती विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते.

ओळख : हिचे शास्त्रीय नाव ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. उंची साधारण वीतभर. बारीक देठाच्या टोकाला पंख्यासारखे पान असते. ते दोन-दोन फाटे फुटत अरुंद पट्ट्यांत विभागलेले असते. मोराच्या तुऱ्याची आठवण व्हावी, म्हणून मयूरशिखा. आफ्रिका, अरबस्तानपासून भारत, श्रीलंकेपर्यंत तिचा प्रसार आहे.

अधिवास : सातपुडा व अजिंठ्याच्या डोंगरांतील काळ्या कातळाच्या भेगा आणि जुन्या भिंतींचे सांधे ही तिची घरे. भेगेत चिमूटभर माती साचते, थोडी ओल टिकते. तेवढ्यावर तिचे भागते. पाल, पाटणादेवी किंवा लळिंग येथे सहलीला गेल्यास अशा जागा निरखून पाहाव्यात.

पुनरुत्पादन : नेच्यांना फूल नाही, फळ नाही, बीही नाही. मयूरशिखेच्या पानाच्या पट्ट्यांची कड खाली दुमडलेली असते व तिच्या आड बीजाणू तयार होतात. ते वाऱ्याने पसरतात. ओल मिळाली की बीजाणूपासून पातळ हिरवा पापुद्रा वाढतो. त्यावर नर व मादी पेशी निर्माण होतात. नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीकडे जाते आणि नवे रोप जन्मते. म्हणजे उन्हाळा सोसणाऱ्या या झाडालाही वंश वाढवण्यासाठी पाणी लागतेच.

उन्हाळ्यातील युक्ती : पाणी संपले की पाने आत वळून तपकिरी होतात. कपाशीचे वा बाजरीचे रोप असे पूर्ण वाळले तर मरते; मयूरशिखेच्या पेशी मात्र वाळूनही शाबूत राहतात. पहिल्या पावसानंतर पाने उलगडून पुन्हा हिरवी होतात.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. बाजारात 'संजीवनी' म्हणून वाळलेल्या गुंडाळ्या विकल्या जातात. पाण्यात टाकताच त्या उघडतात आणि भोळा माणूस पैसे मोजतो. ती बहुधा सेलाजिनेला नावाची, नेच्यांहून वेगळी वनस्पती असते. शिवाय मेलेले, वाळलेले झाडही पाणी शोषून उलगडू शकते. उलगडणे म्हणजे जिवंत होणे नव्हे, आणि रोगी बरा होणे तर नव्हेच. मयूरशिखा हे नावही कोंबड्याच्या फुलासह अनेक वनस्पतींना दिले जाते. तेव्हा केवळ नावावर विसंबून कोणताही पाला औषध म्हणून पोटात घेऊ नये. आजारी मूल आधी डॉक्टरांकडे न्यावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. रोप उपटू नये. एकच जागा ठरवून मे महिन्यात तेथील झाडाचे चित्र काढावे आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा काढावे. दोन्ही चित्रांखाली तारीख लिहावी. भारतीय राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये निसर्गाचे रक्षण करणे आणि वैज्ञानिक दृष्टी जोपासणे ही दोन्ही नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. वहीच्या एका पानावर ती दोन्ही पार पडतील.