निराश्रितांचे घर व सरकारचा हात

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोगी सेवा समितीची वसाहत आहे. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी ती स्थापिली. ती का स्थापावी लागली, हे कळण्यास थोडे मागे जावे लागते.

ज्यास छप्पर नाही तोच बेघर, अशी आपली समजूत असते. महारोग्यास बहुधा घर असे. त्या घरातूनच त्यास काढून दिलेले असे. मग देवळाची पायरी हेच त्याचे बिऱ्हाड. १८९८ साली सरकारने कायदा केला की, भीक मागत फिरणाऱ्या अथवा निर्वाहाचे साधन नसलेल्या महारोग्यास पोलिसाने वॉरंटावाचून धरावे, व रोग ठरल्यावर मॅजिस्ट्रेटने त्यास आश्रमात पाठवावे. असे पुष्कळ आश्रम ख्रिस्ती मिशनांचे होते, व त्यांस सरकारी अनुदान मिळे. म्हणजे सरकार व सेवासंस्था यांचा सहकार काही आजचा नव्हे.

आम्ही मिशनच्याच शाळेत वाढलो. ज्यांस कोणी शिवत नसे त्यांच्या जखमा त्या सेवकांनी धुतल्या, हे आम्ही कसे विसरू? तरी खरे ते सांगितलेच पाहिजे. शिपायाने आणून सोडलेल्या मनुष्यास जेथून आपल्या इच्छेने निघता येत नाही, त्या जागेस घर म्हणावे काय? प्रभूने कुष्ठरोग्यास स्पर्श केला व याजकाकडे पाठविले, ते त्यास पुन्हा आपल्या लोकांत जाता यावे म्हणून. तो कायदा रद्द होण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले.

दत्तपुरास रोग्यांच्या हाती शेती व सूतकताई आली. पुढे १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. त्याचे कार्यकर्ते गावोगाव दारोदार फिरून रोगी शोधीत, लोकांस रोगाची माहिती देत आणि रोग्यास त्याच्या गावीच औषध देत. ही रीत सरकारने १९५५ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात उचलली. आमच्या मते खरा सहकार हाच: संस्थेने लहान क्षेत्रात करून पाहावे, सरकारने ते देशभर न्यावे. रोगी घरीच बरा होऊ लागला, की त्यास बेघर होण्याचे कारणच उरत नाही.

इतर निराश्रितांची गोष्ट निराळी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारे बांधण्याची व ते सेवासंस्थांकडे चालविण्यास देण्याची सोय केली गेली. माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा असावी, आणि दार चोवीस तास उघडे असावे, असे त्याच्या नियमांत लिहिले होते.