इंग्रजी वाक्प्रचारांतील अवयव आणि जुने शरीरशास्त्र

मराठी विद्यार्थ्याची कविता 'तोंडपाठ' होते. इंग्रज विद्यार्थी ती 'बाय हार्ट', म्हणजे हृदयाने, शिकतो. स्मरणाशी हृदयाचा संबंध कसा आला, असा प्रश्न कोणासही पडेल.

त्याचे मूळ प्राचीन कल्पनांत आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) याच्या मते बुद्धीचे स्थान हृदय होय, मेंदूचे काम रक्त थंड राखण्याचे. पुढे दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने बुद्धी मेंदूत मानली. रक्त मात्र यकृतात तयार होते, असे तो शिकवी. यकृतात रक्त कमी, तर धैर्यही कमी, अशी समजूत युरोपात रूढ होती. म्हणूनच शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकात (सुमारे १६०६) एका भेदरलेल्या सेवकास 'लिली-लिव्हर्ड', म्हणजे लिलीच्या फुलासारख्या पांढऱ्या यकृताचा, म्हटले आहे. प्लीहा हे काळ्या पित्ताचे स्थान मानीत. मनातील राग बाहेर काढणे यास इंग्रजीत आजही 'स्प्लीन', म्हणजे प्लीहा, मोकळी करणे म्हणतात.

१६२८ मध्ये विल्यम हार्वी याने हृदयाच्या आकुंचनाने रक्त शरीरभर फिरते, हे प्रयोगांनी दाखविले. शास्त्र पुढे गेले. वाक्प्रचार मात्र मागेच राहिले.

यावरून वाचकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वैद्यकाच्या ग्रंथातील 'हार्ट' म्हणजे हृदयच; परंतु वाक्प्रचारातील अवयवाचे शब्दशः भाषांतर न करता आशय द्यावा. आणि भाषेत टिकून राहिलेली समजूत शास्त्रीय सत्य मानू नये.