लघुप्रतिमांच्या बैठकीचे साहित्य : एक तुलना

धातूच्या वा प्लास्टिकच्या लघुप्रतिमा रंगविण्याचा छंद असणारा मनुष्य आपले बहुतेक कौशल्य प्रतिमेचा चेहरा, वस्त्रे आणि शस्त्रे यांवर खर्च करतो. प्रतिमा ज्या बैठकीवर उभी असते तिच्याकडे त्याचे लक्ष अखेरीस जाते. वास्तविक प्रतिमा केवढ्या आकाराच्या माणसाची आहे, हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला सांगण्याचे काम ही बैठकच करीत असते. महाराष्ट्रात दिवाळीच्या दिवसांत मुले मातीचा किल्ला रचतात आणि गवत दिसावे म्हणून त्यावर आळीव किंवा मोहरी पेरतात. चार-पाच दिवसांत रोपे वाढतात आणि बोटभर उंचीचा मावळा त्या गवतात बुडून जातो. मुलांच्या खेळात त्याने काही बिघडत नाही. परंतु हेच प्रमाण एखाद्या संग्रहालयातील देखाव्यात किंवा रेल्वेच्या लघुप्रतिकृतीत चुकले, तर तयार केलेली सृष्टी खोटी वाटू लागते.

एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध केले. त्या काळी सैनिकाच्या पायाखाली ओतकामातच आलेली धातूची पातळ पट्टी असे, आणि घरातील फरशी हेच रणांगण असे. आज वाळू, खडी, कृत्रिम गवत आणि दाणेदार लेप यांचे अनेक प्रकार निरनिराळ्या देशांतील पुरवठादारांकडून मिळतात. पाकिटावरील चित्रे आणि नावे आकर्षक असतात. मात्र केवळ त्यांच्या आधारे निवड करणे योग्य नव्हे. नाव सारखे असले तरी आतील माल सारखा असेलच असे नाही. म्हणून या साहित्याची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे.

प्रमाणाचे गणित

पहिली कसोटी कणाच्या आकाराची. भूशास्त्रात ०.०६२५ मिलिमीटरपासून २ मिलिमीटरपर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात. त्यांपैकी ०.१२५ ते ०.२५ मिलिमीटर ही बारीक वाळू होय, ०.५ ते १ मिलिमीटर ही जाड वाळू होय. आता अर्धा मिलिमीटर व्यासाचा एक कण घेऊ. १:७२ या प्रमाणात तो ३६ मिलिमीटरचा, म्हणजे लिंबाएवढा दगड होतो. १:१६० या प्रमाणाच्या रेल्वेत तोच कण ८० मिलिमीटरचा धोंडा होतो. टेबलावरील खेळांत प्रचलित असलेली २८ मिलिमीटर उंचीची प्रतिमा साधारणपणे १:६० या प्रमाणाची असते. तिच्या पायाशी तो कण ३० मिलिमीटरचा खडा वाटतो. जी वाळू एका प्रतिमेसाठी योग्य ती दुसरीसाठी अयोग्य, हे यावरून स्पष्ट होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रेल्वेरुळांखालील खडी. भारतीय रेल्वेत वापरली जाणारी खडी सर्वसाधारणपणे २० ते ६५ मिलिमीटर आकाराची असते. १:८७ या प्रमाणात तिचे रूप ०.२३ ते ०.७५ मिलिमीटर एवढे होते. बाजारातील 'खडी' या नावाच्या पाकिटात याहून मोठे कण असतील, तर रुळांखाली जणू शिळा रचल्यासारख्या दिसतील. 'बारीक', 'मध्यम' आणि 'जाड' या शब्दांना या व्यवसायात सर्वमान्य माप नाही. एकाचे 'बारीक' ते दुसऱ्याचे 'मध्यम' असू शकते. तेव्हा मिलिमीटरमध्ये माप देणाऱ्या पुरवठादाराचा माल तुलनेस अधिक सोयीचा समजावा.

साहित्याचे चार वर्ग

या साहित्याचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग खनिजांचा : नदीची वाळू, दगडाचा चुरा, बारीक खडी. हे कण जड असतात, रंग सहसा सोडीत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. मात्र मोठ्या देखाव्यात त्यांचे वजन वाढत जाते.

दुसरा वर्ग वनस्पतिजन्य पदार्थांचा : लाकडाचा रंगविलेला भुसा, बुचाचे तुकडे, अक्रोडाच्या कवचाचा चुरा, वाळविलेली चहाची पत्ती. वूडलँड सीनिक्स ही १९७५ साली स्थापन झालेली अमेरिकन संस्था रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी जी खडी विकते, ती दगडाची नसून अक्रोडाच्या कवचाची असते. ती हलकी असल्याने देखाव्यावर भार पडत नाही. परंतु पातळ गोंद सोडताच तिचे कण तरंगून जागा सोडण्याचा संभव असतो. त्यामुळे गोंद थेंबाथेंबाने सोडावा लागतो. भुसा स्वस्त असतो, पण त्याचा रंग उन्हाने उडतो आणि ओलाव्याने त्याला बुरशी धरते.

तिसरा वर्ग कृत्रिम गवताचा आणि फोमच्या चुऱ्याचा. नायलॉनसारखे आखूड तंतू उच्च दाबाच्या विद्युत्क्षेत्रातून ओल्या गोंदावर सोडले, की ते आडवे न पडता क्षेत्ररेषांच्या दिशेने ताठ उभे राहतात. जर्मनीतील नॉख या संस्थेचे तंतू १.५, २.५, ६ आणि १२ मिलिमीटर अशा लांबीचे मिळतात. १:८७ या प्रमाणात २.५ मिलिमीटरचा तंतू सुमारे २२ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभर गवताचा भास निर्माण करतो. १२ मिलिमीटरचा तंतू मीटरभराहून किंचित उंच, उभ्या पिकासारखा दिसतो. हाच तंतू २८ मिलिमीटरच्या प्रतिमेजवळ लावला, तर तो जवळजवळ कमरेपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यातील दमट हवेत या तंतूंचे गोळे होतात. म्हणून भारतासारख्या देशात हे काम कोरड्या दिवसांत करणे, आणि तंतू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे इष्ट ठरते.

चौथा वर्ग दाणेदार लेपांचा. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या संस्थेने २०१२ साली आपल्या सिटॅडेल रंगमालेत असे दाणेदार रंग आणले. स्पेनमधील वायेहो या संस्थेच्या काही लेपांत प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा चुरा असतो. या लेपांत रंग, गोंद आणि कण एकत्रच असल्याने श्रम वाचतात. काही लेप वाळताना आक्रसतात आणि त्यांना भेगा पडतात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसाच हा प्रकार होय. थर जाड दिला तर भेगा रुंद पडतात, पातळ दिला तर बारीक. म्हणून अशा दोन लेपांची तुलना करावयाची असेल, तर दोहोंचे थर सारख्याच जाडीचे दिले पाहिजेत. अन्यथा लेपातील फरक कोणता आणि हातातील फरक कोणता, हे कळणार नाही.

घरी करण्याजोग्या चाचण्या

तुलनेसाठी प्रयोगशाळेची गरज नाही. मैद्याची चाळणी, रव्याची चाळणी आणि चहाची गाळणी एवढ्यांवर कणांची प्रतवारी होते. प्रत्येक पुरवठादाराच्या मालाचे एक एक चमचा साहित्य क्रमाने चाळावे आणि कोणत्या चाळणीवर किती उरले ते पाहावे. एकाच आकाराचे कण असलेला माल कृत्रिम दिसतो. खऱ्या जमिनीत धूळ, वाळू आणि खडे यांचे मिश्रण असते. चाळताना उडणारी वाळूची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने हे काम उघड्या हवेत, नाकावर फडके बांधून करावे.

दुसरी चाचणी लोहचुंबकाची. रत्नागिरीच्या किंवा केरळातील चवरा येथील किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. रेल्वेच्या प्रतिकृतीत असे चुंबकाकडे ओढले जाणारे कण इंजिनाच्या मोटारीत शिरून ती निकामी करू शकतात. कागदावर माल पसरून त्यावरून चुंबक फिरविला, की हा दोष तत्काळ कळतो.

तिसरी चाचणी पाण्याची. समुद्राची वाळू वापरावयाची असल्यास ती गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन वाळविणे अगत्याचे आहे, कारण तिच्यातील मीठ हवेतील ओलावा शोषते आणि धातूला गंज चढविते. रंगीत भुसा किंवा फोमचा चुरा पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी पाणी रंगलेले दिसले, तर तो रंग पातळ गोंदातही उतरणार हे निश्चित समजावे.

चौथी चाचणी उजेडाची. पुठ्ठ्याच्या पट्टीवर सर्व नमुने शेजारी शेजारी चिकटवावेत, पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि ती काही महिने खिडकीत ठेवावी. कागद काढल्यावर दोन भागांतील फरक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलतो.

चिकटविण्याचे द्रव्य आणि टिकाऊपणा

वाळू चिकटविण्यास पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा पांढरा गोंद सर्वत्र वापरला जातो. त्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब मिसळला, की पृष्ठताण कमी होऊन तो कणांमध्ये सहज झिरपतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद सोयीचा असला, तरी त्याच्या वाफेने भोवती पांढुरका थर बसतो.

जुन्या शिशाच्या प्रतिमांच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी. ब्रिटन्स या इंग्रज कारखान्याने १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक बनविले. तेथील शिशाचे उत्पादन १९६६ साली थांबले. असे सैनिक अद्याप अनेक संग्रहांत आहेत. ओकसारखे काही प्रकारचे लाकूड, काही पुठ्ठे आणि पांढरा गोंद यांतून सूक्ष्म प्रमाणात ॲसेटिक आम्लाची वाफ निघत असते. बंद पेटीत ती साठते आणि ओलावा व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या साहाय्याने शिशाचे रूपांतर पांढऱ्या भुकटीत करते. रंगाखाली सुरू झालेला हा क्षय लक्षात येईपर्यंत सैनिकाचा हात किंवा पाय झडून गेलेला असतो, आणि ती भुकटी विषारीही असते. सुंदर जमीन तयार करण्याच्या भरात मूळ प्रतिमाच गमावण्याचा हा प्रसंग टाळता येतो. शिशाची जुनी प्रतिमा लाकडावर वा पांढऱ्या गोंदाच्या थरावर न चिकटविता ॲक्रिलिक प्लास्टिकच्या बैठकीवर ठेवावी, आणि पेटीत हवा खेळती राहू द्यावी.

किमतीचा हिशेब

वजनावरून किंमत ताडून पाहणे फसवे ठरते. दगडाचा चुरा जड, अक्रोडाचा चुरा हलका. तेव्हा सारख्या वजनात दुसऱ्याने अधिक जागा व्यापली जाते. तुलना घनफळावरून करावी. २५ मिलिमीटर व्यासाच्या गोल बैठकीचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर असते. तिच्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर देण्यास सुमारे अर्धा घन सेंटिमीटर साहित्य पुरते. म्हणजे शंभर प्रतिमांसाठी सुमारे ५० मिलिलिटर आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे चारशे प्रतिमांचे काम होते. एवढ्या अल्प प्रमाणात दोन पुरवठादारांच्या दरांतील अंतर फारसे जाणवत नाही. एकाच संचातील शेवटच्या प्रतिमेची जमीन पहिलीसारखी दिसणे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. नैसर्गिक मालाचा रंग खाणीगणिक आणि रंगविलेल्या मालाचा रंग खेपेगणिक बदलू शकतो. म्हणून संपूर्ण संचाला लागणारे साहित्य एकाच खेपेतून घ्यावे आणि थोडा भाग पुढील दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

सारांश, सर्वांत चांगला पुरवठादार कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रमाण, वजन, रंगाचा पक्केपणा आणि प्रतिमेच्या धातूशी असलेले त्याचे नाते, या चार गोष्टी पाहून प्रत्येक कामासाठी निराळी निवड करावी लागते. पुष्कळदा परदेशी पाकिटातील गवत आणि जवळच्या नदीतील धुतलेली, चाळलेली वाळू यांचा मेळ उत्तम बसतो. ज्याच्यापाशी स्वतः केलेली नमुनापट्टी आहे, त्याला पाकिटावरील नावावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही.