राखणीचे कुत्रे : दोष कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील चाकणजवळच्या एका गोदामात रात्रपाळीचे वॉचमन होते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कसलाही कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात आलेला एक कागद मात्र मला नुसता वाचून ठेवून देता आला नाही.

गोदामावर शिकवून तयार केलेले दोन अल्सेशियन कुत्रे होते. रात्री दहाला ते मोकळे सोडायचे, असा मालकांचा हुकूम. एका रात्री भंगार वेचणारा एक मुलगा मागच्या तारेखालून आत शिरला. वडील धावत पोहोचेपर्यंत कुत्र्याने त्याची पोटरी फाडली होती. वडिलांनी जखम साबणाने धुतली व त्याला दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी मालकांच्या माणसाने कागद दिला : 'माझ्या निष्काळजीपणामुळे कुत्रा सुटला.' खाली सहीची जागा मोकळी होती.

"चोरी करायला आला, त्याला चावला. यात कोणाचा काय दोष?" असे आमच्या आळीत बहुतेकांचे म्हणणे पडले. प्रथम मलाही तसेच वाटले. ग्रंथालयात बसून थोडे वाचल्यावर माझे मत बदलले.

पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असेल, तर पुरेशी खबरदारी घेतलीच पाहिजे, असे ते सांगते. न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायदा देतो. पण बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते.

'चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य' हा १९६३ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येथे उपयोगी पडतो. शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून एकाने वाटेवर विजेची उघडी तार लावली. कसलीही सूचना दिली नाही. तिला लागून एक स्त्री मेली. ती परवानगीवाचून आत आली होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही व शिक्षा कायम केली. अतिक्रमण केले म्हणून माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, हा त्याचा मथितार्थ.

कुत्रा म्हणजे तार नव्हे, हे खरे. तो भुंकतो, दिसतो, आणि हुकूम दिला तर मागे फिरतो. पण हुकूम देणारा हवा ना! कुत्र्यांना शिकवणाऱ्याने शिकवले. माझ्या वडिलांना ते शब्द कोणीच शिकवले नाहीत. कुंपणावर पाटीही नव्हती. मग अंधारात मोकळा सोडलेला कुत्रा आणि उघडी तार यांत अंतर किती उरले? इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने राखणीच्या कुत्र्याजवळ त्याला आवरू शकणारा माणूस हवा, नाही तर कुत्रा बांधलेला हवा, आणि प्रत्येक प्रवेशद्वारावर सूचना हवी, असे ठरवले.

राहिला 'ताब्यातील' हा शब्द. रात्री साखळी वडिलांच्या हाती होती, म्हणून त्यांची जबाबदारी शून्य, असे मी म्हणणार नाही. पण कुत्रे आणणे, सोडण्याची वेळ ठरवणे, पाटी लावणे हे सारे मालकांच्या हातचे. शिवाय नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यावी, हे दिवाणी कायद्याचे जुने तत्त्व आहे. आणि कुत्रा 'सुटला' नव्हताच. तो हुकमाने सोडलेला होता.

वडिलांनी सही केली नाही. त्यांना दुसऱ्या गोदामावर पाठवण्यात आले. तेथे कुत्रे नाहीत, पण पगार कमी आहे.

तो मुलगा आत शिरला ही त्याची चूकच. तिचा न्याय न्यायालयाने करावा, कुत्र्याने नव्हे. दवाखान्याच्या केसपेपरवर त्याचे नाव लिहिलेले आहे. आमच्या आळीत मात्र अजून त्याला 'तो चोर' असेच म्हणतात.