हिमशिखराची प्रतीक्षा

जगाच्या नकाशावर अगदी उत्तरेकडे दृष्टी टाकली, की ग्रीनलंड हे विस्तीर्ण बेट दिसते. नावात हिरवळ असली, तरी त्याचा बहुतेक भाग सदैव बर्फाने झाकलेला असतो. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राचे खोल, अरुंद फाटे जमिनीत दूरवर शिरले आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. त्यांच्या काठी उभे कडे आणि कड्यांपलीकडे हिममय पर्वतांच्या रांगा पसरल्या आहेत.

१९३० साली गिनो वॉटकिन्स हा अवघ्या २३ वर्षांचा इंग्रज तरुण १३ सोबत्यांसह तेथे गेला. ब्रिटनहून कॅनडाकडे जाण्यास ग्रीनलंडवरून विमानमार्ग सापडतो का, हे त्यास पाहावयाचे होते. विमानातून टेहळणी करीत असता त्याला उत्तरेकडे एक अज्ञात, अत्युच्च पर्वतराजी दिसली. तिचा माथा गाठण्याचे स्वप्न त्या मंडळींच्या मनात रुजले.

परंतु ध्रुवप्रदेशातील हवा मनुष्याची इच्छा जाणत नाही. हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी त्यांनी किनाऱ्यापासून दूर आत, हिमपठारावर एक तंबू उभारला होता. हिवाळ्याच्या तोंडी तेथे शिधा नेणारी तुकडी वादळांत सापडली. प्रवास लांबला, आणि तंबूसाठी आणलेले पुष्कळसे अन्न वाटेतच संपले. उरलेल्या शिध्यात दोघांचा हिवाळा निघणे शक्य नव्हते. तंबू सोडावा, तर नोंदी खंडित होणार! तेव्हा ऑगस्टीन कोर्टोल्ड म्हणाला, "मी एकटाच येथे राहतो." त्याच्या पायांची बोटे हिमदंशाने आधीच दुखावली होती.

डिसेंबरच्या आरंभी सोबती परतले. पुढे पाच महिने त्या शुभ्र एकांतात त्याला मनुष्याचे दर्शन घडले नाही. मार्चमध्ये हिमाच्या थरांनी तंबूचे द्वार बुजले आणि तो आतच कोंडला गेला. दिव्याचे तेल संपत आले, अन्नही सरत आले. त्याच्या शोधार्थ गेलेली एक तुकडी खराब हवेमुळे तंबू न सापडताच परतली. हे कळताच वॉटकिन्स स्वतः दोन सोबत्यांसह निघाला. ५ मे १९३१ रोजी त्यांना हिमातून डोकावणारे एक फाटके निशाण आणि हवा घेण्याची नळी दिसली. वॉटकिन्सने नळीत तोंड घालून हाक मारली. आतून उत्तर आले! कोर्टोल्ड जिवंत होता. त्याच्या स्टोव्हमधील रॉकेल त्याच वेळी संपत होते.

पुढच्याच वर्षी वॉटकिन्स पुन्हा ग्रीनलंडला गेला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एका फ्योर्डात कयाक नावाच्या लहानशा होडीतून एकटाच सीलच्या शिकारीस गेला, तो परतला नाही. त्याची रिकामी होडी सापडली. त्या वेळी तो केवळ २५ वर्षांचा होता.

मित्राचे स्वप्न मात्र सोबत्यांनी विसरू दिले नाही. कोर्टोल्ड आणि भूगर्भशास्त्रज्ञ लॉरेन्स वेगर हे १९३५ च्या उन्हाळ्यात काही सहकाऱ्यांसह त्याच किनाऱ्यावर उतरले. हिमनद्या ओलांडीत ते त्या पर्वतराजीपाशी पोहोचले, आणि १६ ऑगस्ट १९३५ रोजी कोर्टोल्ड, वेगर बंधू, जॅक लॉन्गलंड व एबे मुंक हे पाच जण गुन्ब्यॉर्न शिखराच्या माथ्यावर उभे राहिले. त्याची उंची ३,६९४ मीटर आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्या उत्तरेस याहून उंच शिखर नाही. त्या पर्वतराजीस आज वॉटकिन्सचेच नाव आहे.

धैर्य म्हणजे केवळ पुढे धाव घेणे, असे आपण समजतो. परंतु हिमपठारावर पाच महिने शांतपणे वाट पाहणारा कोर्टोल्ड, आणि एक शोध फसल्यावरही सोबत्यासाठी वादळाच्या मुलखात शिरणारा वॉटकिन्स, या दोघांनी धैर्याचे आणखी एक रूप दाखविले. थांबणाऱ्याचा विश्वास आणि शोधणाऱ्याची निष्ठा यांची गाठ पडली, म्हणूनच चार वर्षांनी कोर्टोल्डची पावले त्या शिखरावर उमटली.

स्वाध्याय

१. हिमपठारावर एकट्याने राहण्याचा निर्णय कोर्टोल्डला का घ्यावा लागला?
२. 'ध्रुवप्रदेशातील हवा मनुष्याची इच्छा जाणत नाही' हे पाठातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
३. 'थांबणे हेही धैर्यच' या विषयावर दहा ओळी लिहा.